चाळणीखालचा गाळ

निवृत्त होऊन बराच काळ लोटला होता, तरी गल्लीत त्यांना मुकादम याच नावानं हाक मारायचे. घरी बायको ‘अहो’ म्हणायची, सून ‘बाबा’ म्हणायची, पण दाराबाहेर पाऊल पडलं की सगळ्यांचे ते मुकादम. त्यांनाही ते आवडायचं. साऱ्या आयुष्याची कमाई म्हणजे ते एक नाव आणि गुडघ्यांची कुरकुर, असं ते स्वतःच हसत सांगायचे.

नोकरी नगरपालिकेची, पावसाळी गटारं साफ करणाऱ्या टोळीची. पावसाळी गटार म्हणजे मोरी-संडासाचं नव्हे, हे ते आल्यागेल्याला आवर्जून समजावत. रस्त्यावर पडलेलं पाणी जाळीतून खाली जातं, जाळीखालच्या चेंबरमध्ये घटकाभर विसावतं आणि मग पाइपातून उताराखालच्या तळ्याला जाऊन मिळतं. त्यात घाण ती काय, झाडाचा पाला आणि रस्त्यावरची माती.

“गटार ते गटारच,” बायको म्हणायची. “त्याला अत्तर लावलं म्हणून काय झालं?”

“अगं, आभाळातून पडलेलं पाणी आहे ते.”

“आभाळातून पडलं ते खरं. पुढे कुठून कुठून लोळत आलं, ते कुणी बघितलंय?”

तेव्हा तो नुसता टोमणा होता. पुढे ते शब्द खरे ठरतील, असं तिच्याही ध्यानीमनी नव्हतं.

मुकादमांच्या टोळीत एक पद्धत होती. चेंबर उपसताना आधी वरचा पाला, पिशव्या, बाटल्या काढायच्या. मग खडी आणि जाड वाळू. आणि अगदी तळाशी उरायचा तो काळाभोर, मऊ, बोटांत धरला तर खडा म्हणून न लागणारा गाळ. टोळीतली माणसं त्याला ‘लोणी’ म्हणायची. कुणी नवा माणूस आला की त्याच्या तळहातावर ते लोणी ठेवायचे आणि “घे, खा” म्हणून त्याची फिरकी घ्यायचे. मुकादम मात्र तो गाळ दोन बोटांत चोळून बघायचे. त्यांचं लहानपण नदीकाठच्या शेतावर गेलेलं. पूर ओसरला की असाच मऊ थर रानावर पसरायचा आणि वडील मूठभर उचलून म्हणायचे, “पोरा, हे जमिनीचं दूध आहे. हे ज्याच्या रानात उतरलं, त्याच्या घरी उपास नाही.” शेत गेलं, वडील गेले, पण ते वाक्य मुकादमांच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. एवढं दूध रोज ट्रकमध्ये भरून फेकून द्यायचं, म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं.

म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर घरामागच्या पडीक पट्ट्यात वाफे काढले. टोळीतली जुनी माणसं अजून त्यांना मानत होती. उताराच्या कोपऱ्यावरचं चेंबर उपसलं की ती चार घमेली लोणी त्यांच्या दारात आणून ओतत. मुकादम ते वाळवत, मोडत आणि चाळत. चाळायला घरातलीच जुनी पिठाची चाळणी घेतली होती.

“जन्मात कधी पीठ चाळायला हात लावला नाहीत,” बायको उंबऱ्यातून म्हणाली, “आणि गटाराचा गाळ मात्र कसा निगुतीनं चाळताय!”

“पिठात काच नसते. यात असते. पोरीच्या पायात गेली म्हणजे?”

पोरगी म्हणजे नात. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं. तिच्यासाठीच मुकादम दोन-दोनदा चाळायचे. वरचे खडे, काचा, पत्र्याचे कपचे फेकून द्यायचे आणि खाली पडलेली मऊ भुकटी तेवढी वाफ्यात मिसळायची. स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून त्यात घालायचे. बाग अशी फळली की बघणाऱ्याची नजर लागावी. पालक, मुळे, कोथिंबीर, कडेनं टोमॅटो. भिंगरी दिवसभर त्याच मातीत. तिची बाहुली मातीत जेवायची, मातीत निजायची, आणि बाहुलीला भरवलेला एखादा घास स्वतःच्याही तोंडात जायचा.

मुकादमांचा हात मोकळा. घरी लागेल तेवढं ठेवून बाकीचं गल्लीत वाटून टाकायचे. पण सगळ्यात आधी, अगदी कोवळी जुडी सुनेची. तिला दिवस गेले होते, डॉक्टरीणबाईंनी हिरव्या भाज्या खा म्हणून सांगितलं होतं. मुकादम रोज सकाळी पालक खुडून तिच्या हातात देत आणि एखाद्या राजानं इनाम द्यावं तशा तोऱ्यात म्हणत, “घरची आहे. औषध नाही, फवारा नाही.”

सून हसायची. “बाबा, बाळ हिरवं जन्माला येईल हं अशानं.”

एकदा जोराची सर पडून गेली. सर थांबल्यावर रबरी बूट घातलेल्या एक बाई उताराखाली लोकांना दिसल्या. त्या तळ्याच्या तोंडाशी, पाइपातून पडणाऱ्या गढूळ पाण्यात वाकून बाटल्या भरत होत्या. आधीही दोन-तीनदा दिसल्या होत्या. गल्लीनं तोवर त्यांचं बाटलीवाली बाई असं बारसंही करून टाकलं होतं. सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासायचं काम होतं त्यांचं. त्या दिवशी चढ चढून दमल्या आणि प्यायला पाणी मागायला मुकादमांच्या दाराशी आल्या.

मुकादमांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माणूस सापडलाच आहे म्हटल्यावर बागही दाखवली.

“काय सुंदर आहे हो काका!” बाई मनापासून म्हणाल्या. मग त्यांची नजर चाळणीकडे गेली. “ही माती कुठली?”

“माती नाही, गाळ. अस्सल. त्या खालच्या कोपऱ्यावरच्या चेंबरमधला. आमची टोळी आणून देते.”

बाईंनी हातातला पेला खाली ठेवला.

“आणि चाळून कोणता घेता? वरचा की खालचा?”

“खालचा! वरचा दगडधोंडा काय करायचाय?”

बाई वाफ्यात बसलेल्या भिंगरीकडे बघत राहिल्या. तेवढ्यात सून बाहेर आली. हातात सकाळची जुडी, पोट चांगलंच दिसू लागलेलं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग मुकादमांकडे.

“काका, रागावू नका. यातली थोडी माती मी तपासायला नेते. आणि माझं उत्तर येईपर्यंत ही भाजी कुणी खाऊ नका. या पोरीला या मातीत खेळू देऊ नका. हात धुवा तिचे, आत्ताच.”

मुकादमांच्या डोक्यात तिडीक गेली. “का? आमच्या गाळात काय वाईट आहे? पावसाचं पाणी आहे ते, मोरीचं नाही.”

“पाण्यात नाहीच काका. पाण्याबरोबर जे कण येतात ना, त्यांना चिकटलेलं असतं. गाड्या उतारावर ब्रेक दाबतात, त्याची भुकटी रस्त्यावर पडते. टायर झिजतात. कोपऱ्यावर जुन्या बॅटऱ्या फोडतात, कठड्यांचा जुना रंग सुटतो. शिसं, जस्त, तांबं. पहिल्या सरीला ते सगळं धुऊन जाळीत जातं.” त्या थांबल्या. “असेलच असं नाही. पण मी बघून येते. पत्र-बित्र पाठवणार नाही, स्वतः येऊन सांगेन.”

त्या गेल्यावर मुकादम वाफ्याच्या कडेला बसून राहिले. पटत नव्हतं, आणि झटकून टाकताही येत नव्हतं. भिंगरी गेले काही दिवस पोट दुखतंय म्हणत होती. जेवायची नाही, उगाच किरकिर करायची. बायको म्हणाली होती, लाडानं शेफारली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीनं हात पालकाकडे गेला आणि देठाशीच थांबला. ते रिकाम्या हातानं आत आले.

“आज जुडी नाही?” सुनेनं विचारलं.

“कीड पडलीय.”

बायकोनं मान वर करून बघितलं. इतकी वर्षं संसार केलेला, नवऱ्याचं खोटं तिला पावलांच्या आवाजावरून कळायचं. सून आत गेल्यावर ती म्हणाली, “अहो, कीड पानाला पडलीय की मनाला? ती बाई काय म्हणाली, ते नीट सांगा बघू.”

मुकादमांनी सांगितलं. बायको उठली, देवापुढची वात सारखी केली आणि म्हणाली, “सुनेला आत्ता सांगायचं. तिच्या पोटातलं लेकरू आहे, तिच्यापासून लपवायचा आपल्याला हक्क नाही.”

सांगितलं. सून खुर्चीत बसली. दोन्ही हात आपसूक पोटावर गेले. ती रडली नाही, ओरडली नाही, नुसती म्हणाली, “बरं.” त्या ‘बरं’नं मुकादमांचा जीव जेवढा तुटला, तेवढा शिव्या खाऊनही तुटला नसता. मुलगा बस चालवायचा. तो संध्याकाळी आला, त्याला कळलं, आणि तो बापाकडे न बघता फावडं घेऊन मागं गेला. मुकादमांनी त्याला अडवलं. “अजून उकरू नकोस. धूळ उडेल. बाईंना विचारू आधी.” मुलानं फावडं भिंतीला टेकवलं, पण रात्रीच्या जेवणाला तो बापाशेजारी बसला नाही.

बाई बोलल्याप्रमाणे स्वतः आल्या. चेहऱ्यावरूनच कळलं. शिसं होतं, आणि चांगलंच होतं.

“पण मी तर एवढं चाळून घेतलं,” मुकादम म्हणाले. “काच नाही, खिळा नाही, खडा नाही.”

बाई त्यांच्या बायकोकडे वळल्या. “काकू, हळद आहे ना घरात? समजा एक मोठा दगड हळदीत लोळवला. किती चिकटेल? वरवर, जराशी. आता तेवढ्याच वजनाची बारीक रेती हळदीत घोळली तर?”

“सगळी डब्यातली संपेल,” बायको म्हणाली.

“तसंच आहे हे. कण जितका बारीक, तितकं जास्त धरून ठेवतो. जाड वाळूला थोडं लागतं. खाली जे मऊ पडतं ना, त्याला सगळ्यात जास्त.”

मुकादम मटकन खाली बसले. “म्हणजे मी फेकलं ते बरं होतं, आणि ठेवलं ते...” नातीच्या पायाला काच लागू नये म्हणून दोन-दोनदा चाळलं होतं. जितकी काळजी जास्त, तितकं विष नेमकं निवडून तिच्यापुढे ठेवलं होतं.

“काका, नदीचा गाळ वेगळा आणि रस्त्याचा वेगळा. हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, तर कळणार कसं?” बाई त्यांच्यासमोर जमिनीवरच बसल्या, बुटांसकट. “आता रडायचं नाही. दोघींचं रक्त तपासून घ्या. उद्याच.”

तपासणी झाली. उत्तर यायचं होतं त्या दिवसांत मुकादम देवापुढे बसायचे, पण मागणं काही सुचेना. माझं आयुष्य घे म्हणावं, तर या वयात ती काही मोठी देणगी नव्हे. शेवटी ते एवढंच म्हणाले, देवा, माझी चूक माझ्या पदरात घाल, पोरींच्या घालू नकोस.

बसून राहणं जमेना, म्हणून ते घरोघर निघाले. जिथे जिथे जुडी दिली होती, तिथे तिथे जाऊन सांगायचं. नोकरीत त्यांनी तुंबलेल्या चेंबरमध्ये मानेपर्यंत उतरून काम केलं होतं, पण एवढं जड पाऊल कधी पडलं नव्हतं. पहिलं दार शिंप्याचं. शिंपी मशिनीवरून न उठता ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं चष्मा कपाळावर चढवला.

“मुकादम, खरं सांगू? तुमचे मुळे मी कधीच खाल्ले नाहीत. नाकातोंडातून धूर काढायचे. ते सगळे आमच्या हिनं खाल्ले.” मग आतल्या दाराकडे बघून मोठ्यानं म्हणाला, “तरीच हल्ली हिचा शब्द खाली पडला की जमीन हादरते!”

“तुमच्या डोक्यात शिसं आहे, ते कुठल्या मुळ्याचं?” आतून आवाज आला. शिंपीण हात पुसत बाहेर आली आणि मुकादमांना म्हणाली, “भाऊ, तुम्ही दारात उभे का? बसा. तुम्ही सांगायला आलात, हेच खूप आहे. आम्हाला कुठे कळणार होतं? आम्ही पुढेही खातच राहिलो असतो.”

प्रत्येक दारी असंच झालं असं नाही. एका घरानं दार लावून घेतलं. एका म्हातारबुवांनी तोंडावर सुनावलं की गटारातल्या माणसानं गटारातच राहावं. मुकादम मान खाली घालून ऐकून परतले. ते बोलणं त्यांना लागलं, पण त्यांनी मनात धरलं नाही. भीतीनं माणूस बोलतो, हे त्या दिवसांत त्यांच्याइतकं कुणाला कळत असणार?

आणि मग उत्तर आलं. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना एकत्रच बसवलं. सुनेच्या रक्तात थोडं दिसत होतं, पण भिण्यासारखं नव्हतं. भाज्या ती दहा पाण्यांनी धुऊन शिजवायची, ती सवय कामी आली होती. भिंगरीचं मात्र वाढलेलं होतं.

सुनेनं भिंगरीला जवळ ओढलं.

“वेळेत कळलंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आणखी वर्षभर असंच चाललं असतं, तर मी वेगळं बोलले असते. आता माती बंद. हात धुणं, दूध, अंडं, जेवण वेळच्या वेळी. हळूहळू उतरेल. औषधांची गरज लागेलसं मला वाटत नाही. पण मी परत परत तपासणार आहे, कंटाळा करायचा नाही.”

मुकादम उठले आणि त्यांनी चारचौघांत डॉक्टरीणबाईंना हात जोडले. त्या लाजल्या. “अहो, मला कशाला? ज्यांनी माती बघितली त्यांना जोडा.”

बाग काढायची ठरली तेव्हा बाटलीवाल्या बाईंनी रीत सांगितली. माती आधी भिजवायची म्हणजे धूळ उडणार नाही, तोंडाला फडकं, हातात मोजे, आणि सगळं जाड पिशव्यांत भरून गाडीत. मुकादमांना वाटलं, आपण आणि मुलगा दोघंच असू. सकाळी बघतात तर टोळीतली जुनी माणसं दारात. त्यांच्यामागे शिंपी. दोन घरं सोडूनची नर्सबाई. गल्लीतली निम्मी माणसं फावडी घेऊन उभी होती.

“मुकादम, हुकूम सोडा,” टोळीतला एक जण म्हणाला. “लोणी आम्हीच आणून टाकलंय, आम्हीच उचलू.”

“तुम्हीही रक्त तपासून घ्या रे,” मुकादम म्हणाले. “आणि उद्यापासून मोज्यांशिवाय चेंबरला कुणी हात लावायचा नाही. लावला तर मी येऊन कान धरीन.”

पालक मुळासकट उपटताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मुलगा शेजारीच खणत होता. त्यानं वर न बघता बापाच्या हातातलं फावडं काढून घेतलं. “बाबा, सावलीत बसा थोडं. पाठ धरेल.” इतक्या दिवसांनी तो आपणहून बोलला होता. मुकादम सावलीत जाऊन बसले आणि पाठीपेक्षा दुसरंच काहीतरी सैल झाल्यासारखं त्यांना वाटलं.

मागच्या पट्ट्यात फरशी टाकली. वर लाकडी खोकी ठेवली आणि त्यांत डोंगराकडची, तपासून घेतलेली माती भरली. बागेचं काय ते एवढंच उरलं. पण भिंगरीला उचलून घेणं मुकादमांनी सोडलं होतं. ती गळ्यात पडायला आली की ते आधी जाऊन हात धुऊन यायचे, मग पुन्हा एकदा धुवायचे, तोवर ती दुसरीकडे पळालेली असायची. बायको म्हणायची, “अहो, कातडी निघेल.” ते हसल्यासारखं करायचे.

सून बाळंत झाली. मुलगी झाली. वजन चांगलं, रडणं त्याहून चांगलं. बाळाचंही रक्त बघितलं, त्यात काळजी करण्यासारखं काही नव्हतं. भिंगरीची तपासणी त्याच सुमारास पुन्हा झाली. शिसं उतरू लागलं होतं. तिची भूक तर अशी परत आली की बायको म्हणाली, “आता हिला जेवणातून उठवायला माणूस ठेवावं लागेल.”

मुकादम तळ्याकडे गेले. बाटलीवाल्या बाई पाइपाच्या तोंडाशी वाकलेल्या होत्या.

“बाई, मुलगी झाली. ठणठणीत आहे.”

बाई सरळ उभ्या राहिल्या, गढूळ पाण्यानं भरलेली बाटली तशीच हातात. वाटेत मुकादमांनी खूप ठरवलं होतं, असं म्हणू, तसं म्हणू. शेवटी ते एवढंच म्हणाले, “त्या दिवशी तुम्हाला तहान लागली, हे देवाचे उपकार. आणि तुम्ही तोंडावर सांगितलंत, हे तुमचे.”

“तुम्ही ऐकलंत ना काका,” बाई म्हणाल्या. “सगळे ऐकत नाहीत.”

बाळ घरी आलं. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ सुरू झाली. जो तो बाळाला घेई, कौतुक करी आणि पुढच्याच्या हातात देई. मुकादम दारापाशी उभे राहून लांबूनच बघत. कुणी “घ्या ना” म्हटलं की “नंतर, नंतर” म्हणत आणि मोरीकडे वळत. दुपारी पाहुणे पांगले. बायको पडली होती, भिंगरी झोपली होती. सून बाळाला घेऊन पलंगावर बसली होती. मुकादम पाण्याचा तांब्या ठेवायला आत आले आणि तसेच मागे फिरू लागले.

“बाबा, हिला जरा धरा. मला केस विंचरायचेत.”

“थांब, हात...”

“आत्ताच तर धुतलेत. मी बघत होते. किती वेळा धुणार?” आणि त्यांनी काही म्हणायच्या आत तिनं बाळ त्यांच्या हातांत ठेवलं, आणि आरशाकडे तोंड करून निवांत केस सोडवायला बसली. वळूनसुद्धा बघितलं नाही.

बाळानं एक मोठी जांभई दिली. मुकादम तिचं डोकं तळहातावर तोलून, पाय न हलवता तसेच उभे राहिले. बसायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. सुनेची वेणी घालून झाली, ती उठून पाणी पिऊन आली, तरी तिनं बाळ परत मागितलं नाही.